जुन्या मोटारीतली अपुरी ऊब : कारणे, तपासणी आणि दुरुस्ती

३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोत पारा उणे २३ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे ३१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. अशा दिवशी मोटारीतला हीटर ही केवळ सुखसोय राहत नाही. आतल्या बाजूने धुके धरलेल्या काचेतून रस्ता दिसत नाही, गारठलेली बोटे चाकावर नीट वळत नाहीत आणि महामार्गावर गाडी बंद पडली तर मदत येईपर्यंतचा वेळ फार मोठा वाटू लागतो. अमेरिकेच्या संघीय सुरक्षा मानकांपैकी १०३ क्रमांकाचे मानक समोरच्या काचेवरील दव आणि बर्फ दूर करणाऱ्या यंत्रणेविषयी आहे. काच मोकळी ठेवण्याची सोय ही ब्रेक आणि दिव्यांच्या पंक्तीत बसते, हे त्यावरून ध्यानात यावे.

आपल्यापैकी बहुतेकांना या यंत्रणेची ओळख उशिरा झाली. पुण्या-मुंबईत गाडी घेताना एसी किती थंड करतो हे पाहिले जाते. हीटरची कळ वर्षानुवर्षे निळ्या टोकाला पडून असते. त्यामुळे मिनेसोटा, मिशिगन किंवा इलिनॉयमध्ये दहा-पंधरा वर्षे जुनी गाडी घेतल्यावर पहिल्याच डिसेंबरात झोतातून कोमट हवा येऊ लागली, की नेमके काय बिघडले याचा अंदाज बांधायला अनुभवाचा आधार नसतो. या बिघाडाची कारणे मात्र मोजकी आहेत, आणि ती क्रमाने तपासता येतात. तो क्रम पुढे दिला आहे.

ऊब येते कुठून

पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत हीटर स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेचा मोठा भाग वाया जाणारी उष्णता म्हणून बाहेर पडतो. तिचा एक वाटा कूलंट शोषून घेतो. पाण्याचा पंप हे कूलंट इंजिनात फिरवतो आणि त्याची एक शाखा दोन रबरी नळ्यांतून केबिनच्या भिंतीपलीकडे, डॅशबोर्डखाली बसवलेल्या हीटर कोअरमध्ये जाते. हीटर कोअर म्हणजे लहानसा रेडिएटरच. त्याच्या बारीक पत्र्यांवरून पंखा हवा ढकलतो आणि ती तापलेली हवा आपल्यापर्यंत पोहोचते. किती हवा कोअरवरून जावी आणि किती त्याला वळसा घालून जावी हे ब्लेंड डोअर नावाची झडप ठरवते.

इंजिन लवकर तापावे आणि तापमान स्थिर राहावे यासाठी थर्मोस्टॅट असतो. तो मेणाच्या प्रसरणावर चालतो. बहुतेक गाड्यांत तो सुमारे ८२ ते ९१ अंश सेल्सिअसला उघडू लागतो. तोवर मोठ्या रेडिएटरकडे जाणारी वाट बंद असते आणि कूलंट इंजिन व हीटर कोअर यांच्यातच फिरत राहते.

म्हणजे चांगल्या उबेसाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात : इंजिन पुरेसे तापले पाहिजे, कूलंट पुरेसे भरलेले पाहिजे, ते कोअरमधून मोकळेपणाने वाहिले पाहिजे आणि हवा त्या कोअरवरून गेली पाहिजे. बिघाड नेहमी या चारांपैकी एकात असतो.

हत्यार हाती घेण्यापूर्वीचे निरीक्षण

गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण थंड झालेली असताना बॉनेट उघडावे. कूलंटच्या अर्धपारदर्शक टाकीवर किमान आणि कमाल अशा दोन खुणा असतात. पातळी त्यांच्या मध्ये हवी. ज्या गाड्यांत रेडिएटरला स्वतंत्र झाकण असते, तिथे थंड इंजिनावर ते उघडून आतली पातळीही पाहावी, कारण टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा असे घडू शकते. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. आत दाब असतो, आणि झाकण सैल होताच उकळते कूलंट फवाऱ्यासारखे अंगावर येते.

त्यानंतर गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून चार गोष्टी टिपाव्यात. तापमानाचा काटा नेहमीच्या जागी, म्हणजे साधारण मध्यावर पोहोचतो का? झोताचा जोर पुरेसा आहे का? सिग्नलवर थांबल्यावर हवा गार होते आणि वेग घेतल्यावर पुन्हा गरम, असे होते का? गाडीत गोडसर वास येतो का, किंवा काचेवर आतून तेलकट थर साचतो का? या चार उत्तरांतून निम्मे निदान होते.

१९९६ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या मोटारींत डॅशबोर्डखाली निदानासाठी ठरावीक आकाराचा जोड असतो. त्यात साधा स्कॅनर लावला तर कूलंटचे तापमान थेट आकड्यांत वाचता येते. हा आकडा काट्यापेक्षा भरवशाचा, कारण अनेक गाड्यांत काटा मुद्दाम मध्याभोवती स्थिर राहील असा बसवलेला असतो. पी ०१२८ हा संकेत दिसला तर इंजिन अपेक्षित तापमानाला पोहोचत नाही असा त्याचा अर्थ.

दोन नळ्यांची परीक्षा

सर्वांत उपयुक्त परीक्षा सर्वांत सोपीही आहे. इंजिन तापल्यावर हीटर सर्वाधिक उष्णतेवर ठेवून इंजिनाकडून केबिनच्या भिंतीत शिरणाऱ्या दोन्ही रबरी नळ्यांचे तापमान पाहावे. अवरक्त थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर हातमोजा घालून, पंखा आणि पट्ट्यापासून हात दूर ठेवून, क्षणभर स्पर्श करावा.

दोन्ही नळ्या कडक गरम असतील तर कूलंटची बाजू ठीक आहे. दोष हवेच्या बाजूला, म्हणजे ब्लेंड डोअर, फिल्टर किंवा पंख्यात शोधावा. एक नळी गरम आणि दुसरी जवळजवळ थंड असेल तर कोअरमधून प्रवाह होत नाही : कोअर तुंबलेला आहे, हीटरची झडप बंद आहे किंवा आत हवा अडकली आहे. दोन्ही नळ्या कोमट असतील तर इंजिनच पुरेसे तापत नाही किंवा कूलंट कमी आहे. पहिला संशय थर्मोस्टॅटवर घ्यावा.

कूलंटची पातळी आणि अडकलेली हवा

हीटर कोअर अनेक गाड्यांत इंजिनाच्या मानाने उंचावर असतो. कूलंट कमी झाले की त्याची झळ सर्वांत आधी हीटरला लागते. इंजिन अजून ठीक चालत असते आणि केबिन मात्र गार पडते. वेग घेतल्यावर ऊब येते आणि थांबल्यावर जाते, हे याचे ठळक लक्षण. पाण्याच्या पंपाची पाती झिजली असतील तरीही असेच होते. डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्यासारखा आवाज आला तर आत हवा अडकली आहे असे समजावे.

येथे आपल्याकडची एक सवय सोडावी लागते. गावाकडे रेडिएटरमध्ये बाटलीभर नळाचे पाणी ओतणे सर्रास चालते. इथे ते महागात पडते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते, आणि त्या जोराने रेडिएटरच काय, इंजिनाचा ओतीव ठोकळाही तडकू शकतो. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. अधिक थंडीसाठी अधिक ग्लायकॉल हवे, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल सुमारे उणे १३ अंशांनाच गोठते, शिवाय ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते. म्हणून निम्मे-निम्मे हे प्रमाण बहुतेक ठिकाणी योग्य. मिसळायचे पाणी ऊर्ध्वपातित असावे. नळाच्या पाण्यातले क्षार कोअरच्या बारीक नळ्यांत साचतात.

कूलंटच्या रंगावर विसंबू नये. पूर्वी हिरवा म्हणजे जुन्या पद्धतीचा, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून जनरल मोटर्सच्या गाड्यांतला डेक्स-कूल नारिंगी, असा ढोबळ हिशेब चाले. आज एकाच रंगाची निरनिराळी रसायने दुकानात मिळतात. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकारच घ्यावा. न जुळणारी कूलंट एकत्र आल्यास गंजरोधक गुण कमी होतो आणि काही वेळा गाळ तयार होतो.

हवा काढण्यासाठी गाडी मोकळ्या हवेत, शक्यतो तोंड चढाकडे करून उभी करावी. थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडून कूलंट भरावे, हीटर सर्वाधिक उष्णतेवर ठेवावा आणि इंजिन सुरू करून शांतपणे चालू द्यावे. बुडबुडे येत राहतील आणि पातळी उतरेल तसतसे कूलंट घालत जावे. थर्मोस्टॅट उघडून वरची नळी गरम झाली आणि बुडबुडे थांबले की झाकण लावावे. काही इंजिनांवर हवा सोडण्यासाठी वेगळा स्क्रू असतो, तर काहींत दाबाखालची टाकीच भरायची असते. त्यांची रीत पुस्तिकेप्रमाणे पाळावी. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी.

कूलंट भरल्यावर काम संपले असे मात्र समजू नये. ही बंद यंत्रणा आहे. पातळी उतरली म्हणजे ते कुठेतरी गेले. गाडीखाली डाग नाही, तरी पातळी उतरते, एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर इंजिन तापल्यावरही येत राहतो आणि बुडबुडे थांबतच नाहीत, असे असेल तर हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. तेव्हा प्रश्न हीटरचा राहत नाही, इंजिनाच्या आयुष्याचा होतो. गाडी न चालवता तपासून घ्यावी.

थर्मोस्टॅट

उघडाच अडकलेला थर्मोस्टॅट हे जुन्या गाडीतल्या कोमट हवेचे फार सामान्य कारण आहे. अशा गाडीत शहरात थोडी ऊब येते, पण महामार्गावर थंड वारा रेडिएटरवर आदळू लागला की काटा खाली उतरतो. सकाळी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या नळीवर लक्ष ठेवावे. ती पहिल्या मिनिटांपासूनच हळूहळू कोमट होऊ लागली तर थर्मोस्टॅट बंद होत नाही; निरोगी गाडीत ती बराच वेळ थंड राहते आणि मग एकदम तापते.

हा भाग स्वस्त असतो आणि बहुतेक गाड्यांत बदलायला सोपाही. मूळ तापमानाचाच नवा थर्मोस्टॅट नव्या गॅस्केटसह बसवावा. त्यावर हवा जाण्यासाठी लहान छिद्र असल्यास ते सहसा वरच्या बाजूस येते. भारतात उन्हाळ्यात इंजिन तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची रीत काही मेकॅनिक सांगतात. थंड प्रदेशात तसे केल्यास इंजिन कधीच नीट तापत नाही, इंधन अधिक जळते, इंजिनाची झीज वाढते आणि ऊब मिळत नाही. रेडिएटरसमोर पुठ्ठा लावण्याची जुनी युक्तीही तात्पुरतीच. हवामान बदलले किंवा गाडी वाहतुकीत अडकली की त्याच पुठ्ठ्यामुळे इंजिन अति तापू शकते.

तुंबलेला हीटर कोअर आणि बंद झडप

काही जुन्या गाड्यांत कोअरकडे जाणाऱ्या नळीवर स्वतंत्र झडप असते. १९९० च्या दशकातल्या होंडा सिव्हिकमध्ये ती तारेने ओढली जाते. तार सैल झाली किंवा झडप गंजली तर कळ लाल टोकाला नेऊनही कूलंट आत शिरत नाही. एका माणसाने कळ फिरवावी आणि दुसऱ्याने बॉनेटखाली झडपेची दांडी हलते का ते पाहावे. अनेकदा तार पुन्हा ताणून बसवणे एवढीच दुरुस्ती असते.

झडप ठीक असून एक नळी थंड असेल तर कोअर उलट दिशेने धुऊन पाहावा. इंजिन पूर्ण थंड असताना दोन्ही नळ्या सोडवाव्यात, जी नळी कूलंट बाहेर आणते तिच्या बाजूने बागेच्या पाइपाचे पाणी हलक्या दाबाने सोडावे आणि दुसरीकडून येणारे पाणी भांड्यात धरावे. सुरुवातीस गढूळ, तपकिरी पाणी येते. ते स्वच्छ होईपर्यंत दिशा आलटून पालटून धुवावे. दाब बेताचाच ठेवावा, कारण जुन्या कोअरचे सांधे फुटू शकतात. भिंतीतून बाहेर आलेल्या नळ्यांची तोंडे पक्कडीने पिळू नयेत. रबर चिकटले असेल तर ते कापून नवे लावणे परवडते. शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन कूलंट भरावे आणि आत राहिलेल्या पाण्याने मिश्रण पातळ झाले नाही ना, हे मापकाने तपासावे. हे काम ऑक्टोबरातच उरकावे. उणे तापमानात बागेचा नळही गोठलेला असतो आणि आत उरलेले पाणीही.

उतरवलेले कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नये. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. कुत्री, मांजरे आणि लहान मुले त्याला सहज बळी पडतात. सांडलेले लगेच पुसावे, डबा झाकून लेबल लावून ठेवावा आणि गावाच्या घातक कचरा केंद्रात द्यावा.

कोअर गळत असेल तर समोरच्या प्रवाशाच्या पायाखालचा गालिचा ओला होतो, गोड वास येतो आणि काचेवर पुसूनही न जाणारा थर येतो. नवा कोअर फार महाग नसतो, परंतु तिथपर्यंत पोहोचण्यासाठी अनेक गाड्यांत संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. खर्च मजुरीचा असतो. अशा वेळी दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून कोअर वगळण्याचा सल्ला मिळतो. गळती त्याने थांबते, पण काच मोकळी करणारी गरम हवाही जाते. हिवाळ्यात हा उपाय केवळ दुरुस्तीच्या दुकानापर्यंत गाडी नेण्यापुरता मानावा. गळती बुजवणारी बाटलीबंद औषधे गळतीबरोबर कोअरच्या बारीक नळ्याही बुजवतात.

हवेच्या बाजूचे दोष

दोन्ही नळ्या गरम आणि हवा मात्र थंड, तर ब्लेंड डोअर पाहावे. तापमानाची कळ एका टोकाकडून दुसऱ्याकडे नेली असता डॅशबोर्डमागून टकटक आवाज येत राहिला तर झडप फिरवणाऱ्या लहान मोटरचे दाते तुटलेले असतात. दोन बाजूंना वेगळे तापमान ठेवणाऱ्या गाडीत चालकाकडे थंड आणि शेजारी गरम हवा येणे हेही त्याचेच लक्षण असू शकते; मात्र कूलंट कमी असले किंवा कोअर अर्धवट तुंबला असला तरीही असे होते. म्हणून आधी पातळी पाहावी.

हवा गरम पण झोत क्षीण असेल तर प्रथम केबिनचा फिल्टर काढावा. तो बहुधा समोरच्या खणामागे असतो आणि वर्षानुवर्षे बदललेला नसतो. समोरच्या काचेखालच्या जाळीत साचलेली पाने आणि बर्फही दूर करावे. पंखा फक्त सर्वाधिक वेगावर चालत असेल तर त्याचा रेझिस्टर जळालेला असतो. तोही स्वस्त भाग आहे.

एक सूचना वापराविषयी. हिवाळ्यात एसीचे बटण बंदच असावे असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात काचेवरचे धुके घालवताना एसी हवेतली आर्द्रता काढतो आणि हीटर तीच हवा तापवतो. दोन्ही एकत्र वापरायचे असतात. आतलीच हवा फिरवण्याची सोय ऊब लवकर आणते, पण श्वासांची वाफ काचेवर बसवते. म्हणून ती थोड्या वेळापुरतीच ठेवावी.

जे करू नये

सिगारेट लायटरच्या जागी लावायचे लहान विद्युत हीटर हिवाळ्यात खूप विकले जातात. १२ व्होल्ट आणि १५ अँपिअरच्या वाहिनीतून जास्तीत जास्त १८० वॅट मिळतात. गाडीचा मूळ हीटर काही किलोवॅट उष्णता देतो. या उपकरणाने काच मोकळी होणार नाही, फ्यूज मात्र जाईल.

गाडी गरम करण्यासाठी ती घराच्या गॅरेजमध्ये सुरू ठेवू नये, दार उघडे असले तरी. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन आणि गंधहीन असतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो आणि माणूस सावध होण्याआधीच बेशुद्ध होतो. रस्त्यावरच्या मिठाने जुन्या गाड्यांचे एक्झॉस्ट पाइप गंजतात, आणि त्यांच्या छिद्रांतून हा वायू केबिनमध्ये येऊ शकतो. हिमवर्षावात उभी गाडी सुरू करण्यापूर्वी मागच्या पाइपाचे तोंड बर्फाने बुजलेले नाही हे पाहावे. गाडीत डोके दुखणे, मळमळणे किंवा गुंगी येणे सुरू झाले तर इंजिन बंद करून लगेच बाहेर यावे आणि वैद्यकीय मदत मागावी.

मेकॅनिककडे जाताना

मेकॅनिकला केवळ "हीटर चालत नाही" असे सांगितले तर तपासणीचा वेळ आपल्या बिलावर चढतो. काटा किती वर जातो, थांबल्यावर काय होते, नळ्यांचे तापमान कसे आहे, कूलंट किती दिवसांत किती उतरते, हे चार वाक्यांत सांगावे. हीटर कोअर बदलण्याचा सल्ला मिळाला तर आधी थर्मोस्टॅट, पातळी आणि उलट धुलाई झाली आहे का ते विचारावे. कमी खर्चाकडून अधिक खर्चाकडे जावे : कूलंट आणि हवा, मग फिल्टर, थर्मोस्टॅट, झडप, धुलाई, ब्लेंड डोअर, पाण्याचा पंप आणि सर्वांत शेवटी नवा कोअर.

दुरुस्तीनंतर मधल्या झोतात साधा थर्मामीटर धरून नोंद करावी. इंजिन पूर्ण तापल्यावर निरोगी गाडीत झोताची हवा साधारण ५० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असते. कडाक्याच्या थंडीत नुसत्या उभ्या असलेल्या गाडीत ती थोडी कमी भरेल. हा आकडा वहीत लिहून ठेवला तर पुढच्या वर्षी बिघाड सुरू होतानाच कळतो. आणि दुरुस्ती होईपर्यंत गाडीत एक जाड ब्लँकेट, हातमोजे, टॉर्च, काच खरवडण्याची पट्टी आणि चार्ज केलेला फोन असू द्यावा. विद्यापीठाच्या गावात जुनी गाडी घेणारा विद्यार्थी आणि हिवाळ्यात भेटीला आलेले आई-वडील यांच्यासाठी तर हे विशेष अगत्याचे आहे. थंडीचा अंदाज त्यांना आपल्याइतका नसतो.